गाळलेली जागा एक, उत्तरं दोन

इंग्रजीच्या शंकांच्या टपालात या खेपेला उभयान्वयी अव्ययांनी, म्हणजे कंजंक्शननी, बाकी सगळ्यांना मागे टाकलं आहे. तक्रार साधारण एकच: गाळलेल्या जागेत दोन शब्द बसतात, उत्तरसूचीत मात्र एकच असतो. मी वर्गात इंग्रजी शिकवलं, प्रश्नपत्रिका काढल्या आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही उपसले, त्यामुळे या भांडणाच्या दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत. पुष्कळदा मूल बरोबर असतं आणि वाक्यच अपुरं असतं. पण पुष्कळदा वाक्यात खूण असते आणि घाईत ती दिसलेली नसते. कुठली गोष्ट कुठे, ते पत्रागणिक पाहू.

प्रश्न : बाई, माझ्या मुलीला ‘ही स्टेड अ‍ॅट होम ___ ही वॉज इल’ हे वाक्य होतं. पर्याय ‘बिकॉज’, ‘अ‍ॅज’, ‘बट’ आणि ‘अनलेस’. तिने ‘अ‍ॅज’ लिहिलं. गुण मिळाला नाही, उत्तर ‘बिकॉज’ होतं. ‘अ‍ॅज’नेही कारणच सांगितलं जातं ना? मग चुकलं काय? – एक पालक

उत्तर : व्याकरणाने काहीच चुकलेलं नाही. मुलीचं वाक्य शुद्ध आहे आणि अर्थही सरळ लागतो. ‘बिकॉज’ आणि ‘अ‍ॅज’ एकाच प्रश्नाच्या पर्यायांत ठेवले की असं होणारच, हे पेपर काढणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं. गुरुजींना भेटून शांतपणे तसं म्हणा.

पण मुलीला तेवढ्यावर सोडू नका, कारण या दोन शब्दांत फरक आहे. कारण सांगणारे चार शब्द शाळेत भेटतात: ‘बिकॉज’, ‘सिन्स’, ‘अ‍ॅज’ आणि ‘फॉर’. ‘बिकॉज’ आला की कारण हीच बातमी असते. ऐकणाऱ्याला ते ठाऊक नाही आणि नेमकं तेच त्याला सांगायचं आहे. ‘सिन्स’ आणि ‘अ‍ॅज’ने सांगितलेलं कारण बहुधा समोरच्याला माहीत असतं, किंवा बोलणाऱ्याला तिथे रेंगाळायचं नसतं. म्हणून ते वाक्याच्या सुरुवातीला उरकून घेतात आणि भर पुढच्या भागावर जातो. ‘सिन्स यू आर हिअर, लेट अस बिगिन’, म्हणजे आलाच आहेस तर करू या सुरुवात. तो आला आहे हे त्याला वेगळं सांगायला नको. इथे ‘बिकॉज’ घालून बघा. आपण सुरुवात करतोय ती केवळ तुझ्यामुळे, असा भलताच सूर लागतो.

तुमच्या मुलीच्या वाक्यात कारण शेवटी आलं आहे आणि सगळा भर त्याच्यावरच आहे. म्हणून तिथे ‘बिकॉज’ अधिक सहज वाटतो. अधिक सहज म्हणजे एकमेव बरोबर नव्हे, आणि गुण कापताना नेमका हाच फरक विसरला जातो.

आता जिथे खरोखर एकच शब्द चालतो त्या जागा. ‘व्हाय’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असेल तर ‘बिकॉज’च. ‘व्हाय आर यू लेट?’ याला ‘सिन्स आय मिस्ड द बस’ असं उत्तर कोणी देत नाही. कारणाच्या आधी ‘ओन्ली’, ‘जस्ट’ किंवा ‘सिंप्ली’ असेल तरी ‘बिकॉज’च. ‘इट वॉज ___ ही वॉज टायर्ड दॅट ही फेल्ड’ अशा उलटवलेल्या वाक्यातही तोच. ‘फॉर’ची रीत निराळी. तो वाक्याच्या आरंभी कधी येत नाही, त्याच्या आधी स्वल्पविराम असतो आणि तो जरा पुस्तकी आहे. शिवाय तो पुष्कळदा कारणाऐवजी पुरावा देतो. ‘इट मस्ट हॅव रेन्ड, फॉर द ग्राउंड इज वेट.’ जमीन ओली म्हणून पाऊस पडला, असं कोणी म्हणणार नाही. जमीन ओली आहे यावरून मी पावसाचा अंदाज बांधते आहे. ‘मस्ट’, स्वल्पविराम आणि मागून आलेला पुरावा, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की पेपर काढणाऱ्याच्या मनात ‘फॉर’ आहे असं समजावं.

‘सिन्स’ फक्त काळासाठी, कारणासाठी नाही, असा एक नियम काही वर्गांत सांगतात. तो सोडून द्या. इंग्रजीत ‘सिन्स’ कारणासाठी शेकडो वर्षं वापरात आहे. अडचण येते ती दोन्ही अर्थ लागू पडतात तेव्हा. ‘सिन्स ही लेफ्ट, द हाउस हॅज बीन क्वाएट.’ तो गेल्यापासून घर शांत आहे, की तो गेल्यामुळे? ‘हॅज बीन’ हे क्रियापद काळाकडे बोट दाखवतं, पण दुसरा अर्थ पुरता पुसला जात नाही. याउलट ‘सिन्स ही लेफ्ट अर्ली, ही मिस्ड द एंड’ इथे दोन्हीकडे साधा भूतकाळ आहे, तेव्हा कारणच.

जाता जाता एक मौज. ‘आय डिड नॉट मॅरी हिम बिकॉज ही वॉज रिच.’ या बाईंनी लग्न केलं की नाही? दोन्ही अर्थ निघतात. एकात त्या श्रीमंत माणसाला नाकारतात, दुसऱ्यात लग्न केलंय पण पैशासाठी नव्हे. मराठीतही ‘तो श्रीमंत होता म्हणून मी त्याच्याशी लग्न केलं नाही’ हे तितकंच संदिग्ध आहे. आपण ‘म्हणून काही मी लग्न केलं नाही’ असा एक ‘काही’ टाकून सुटका करून घेतो. इंग्रजीत ‘सिन्स ही वॉज रिच, आय डिड नॉट मॅरी हिम’ म्हटलं की एकच अर्थ उरतो, लग्न झालेलं नाही. ‘सिन्स’ आणि ‘बिकॉज’ यांत काय फरक, असं मुलीने विचारलं तर हे वाक्य तिच्यापुढे ठेवा.

प्रश्न : ‘ही इज पुअर ___ ही इज ऑनेस्ट’ यात मी ‘अँड’ लिहिलं. सर म्हणाले ‘बट’ हवं. गरीब असणं आणि प्रामाणिक असणं यात विरोध कुठे आहे? – एक विद्यार्थिनी

उत्तर : शाबास. हा प्रश्न तुला पडला, तिथेच तुझं इंग्रजी पुरेसं आहे हे कळलं.

तर्काच्या काट्यावर ‘अँड’ आणि ‘बट’ यांचं वजन अगदी सारखं भरतं. ‘तो गरीब आहे आणि प्रामाणिक आहे’ हे ज्या परिस्थितीत खरं, त्याच परिस्थितीत ‘तो गरीब आहे पण प्रामाणिक आहे’ हेही खरं. गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने 1879 मध्ये तर्कासाठी एक चिन्हलिपी मांडली. ‘आणि’ व ‘पण’ यांच्यातला फरक आपल्या लिपीत दाखवलेला नाही, हे त्याने तिथे स्पष्ट केलं. ‘पण’ म्हणणारा फक्त एक इशारा देतो, की पुढे येतंय ते तुम्ही सुरुवातीला धरून चालाल त्याहून वेगळं आहे.

आता तुझं वाक्य बघ. ‘बट’ लिहिणारा माणूस नकळत म्हणतो की गरीब माणसाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा नसते. हा व्याकरणाचा नियम नव्हे, हा समज आहे, आणि तोही वाईट. पिढ्यान्‌पिढ्या सरावपुस्तकांतून हे वाक्य एकमेकांच्या वह्यांत उतरत आलंय आणि त्याच्याबरोबर समजही उतरत आलाय. ‘शी इज ओल्ड ___ शी इज हॅपी’ हे त्याचंच भावंड. मी स्वतः ही दोन वाक्यं वर्गात ‘बट’साठी कधीच वापरली नाहीत. ‘बट’ शिकवायचा तर ‘ही रॅन फास्ट ___ ही मिस्ड द ट्रेन’ द्यावं. जोरात पळणाऱ्याला गाडी मिळावी, ही अपेक्षा सगळ्यांचीच असते. ती इथे मोडली, म्हणून ‘बट’.

परीक्षेत मात्र तुला गुणही हवे आहेत. अशा वाक्यात पेपर काढणाऱ्याने कोणती अपेक्षा गृहीत धरली असेल ते ओळख आणि ‘बट’ लिही. त्याच्याशी सहमत व्हायची सक्ती नाही. तोंडी परीक्षा असेल तर ‘अँड’ म्हणून कारण सांग, माझा तुला पाठिंबा.

याला लागूनच ‘अँड’ आणि ‘सो’. ‘ही रॅन फास्ट ___ ही कॉट द ट्रेन.’ दोन्ही बसतात. ‘अँड’ दोन घटना शेजारी ठेवतो आणि नातं वाचणाऱ्यावर सोडतो, ‘सो’ ते नातं उघड बोलून दाखवतो. पर्यायांत दोन्ही असतील आणि कारण–परिणाम ढळढळीत असेल तर जास्त नेमका शब्द निवडावा, म्हणजे ‘सो’. ‘येट’ आणि ‘बट’ बाबत एवढं पुरे: ‘येट’ला मोडलेली अपेक्षा लागते, ‘बट’ला नुसती तुलनाही चालते. ‘माय ब्रदर इज टॉल, बट आय अ‍ॅम शॉर्ट’ इथे ‘येट’ विचित्र वाटेल, कारण भाऊ उंच म्हणून बहीणही उंच असलीच पाहिजे असं काही नसतं.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या सरावात ‘आय विल नॉट लीव्ह ___ यू अपॉलोजाइज’ आलं. ‘अनलेस’ की ‘अनटिल’? एका पुस्तकात एक उत्तर, दुसऱ्यात दुसरं. शिवाय ‘अनलेस’ म्हणजे ‘इफ नॉट’ असं पाठ केलंय, ते कितपत खरं? – एक उमेदवार

उत्तर : दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. दुसरं उत्तर चूक असं कुठल्या पुस्तकाने छापलं असेल, तर तेवढं ते चूक.

‘अनलेस’ अट घालतो, ‘अनटिल’ मुदत घालतो. ‘अनलेस’ म्हटलं की माफी येईलच असं बोलणाऱ्याने धरलेलं नाही. ‘अनटिल’ म्हटलं की तो ठाण मांडून बसला आहे आणि आज ना उद्या माफी येणार, असं धरून चालला आहे. वाक्य एकटं असेल तर यातलं काय, ते कळायला मार्ग नाही. मराठीत भाषांतर करून बघाल तर तेही मदतीला येणार नाही, कारण ‘तू माफी मागितल्याशिवाय मी जाणार नाही’ या एका वाक्यात आपण अट आणि मुदत दोन्ही बसवतो.

मग निवड करायची कशी? मुख्य वाक्यातलं क्रियापद पाहा. वाट पाहणं, थांबणं, झोपणं, काम करत राहणं अशी लांबत जाणारी क्रिया असेल आणि वाक्य होकारार्थी असेल तर ‘अनटिल’: ‘आय विल वेट हिअर अनटिल यू कम बॅक.’ एका फटक्यात घडणारी गोष्ट होकारार्थी वाक्यात असेल तर ‘अनलेस’: ‘यू विल मिस द बस अनलेस यू हरी.’ बस चुकणं लांबत जात नाही, त्यामुळे ‘अनटिल’ला तिथे धरायला काही नाही. गोंधळ होतो तो मुख्य वाक्य नकारार्थी असतं तेव्हा. ‘न जाणं’ ही हवी तितकी लांबणारी अवस्था आहे, म्हणून मुदतही बसते आणि अटही. तुमचं वाक्य नेमकं असं आहे. मुख्य वाक्यात ‘नॉट’ आणि पर्यायांत हे दोघे, असं दिसलं की आजूबाजूला आणखी काही लिहिलंय का ते शोधा. ‘हाउएव्हर लाँग इट टेक्स’ असं काही असेल तर मुदत. नसेल तर माझा कौल ‘अनलेस’ला, कारण पेपर काढणाऱ्यांना अशा जागी बहुधा अटच तपासायची असते. हा अंदाज आहे, नियम नव्हे, एवढं ध्यानात असू द्या.

मराठीतून येणारी एक चूक इथे हमखास होते. आपण म्हणतो, ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबेन.’ आपल्या जोपर्यंतला नकार लागतो. तोच उचलून मुलं ‘आय विल वेट अनटिल यू डू नॉट कम’ लिहितात, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला अर्थ लागतो तो उलटा. ‘अनटिल’ला नकार नको. ‘अनलेस’लाही नको, कारण नकार त्याच्या पोटातच आहे. ‘अनलेस यू डोन्ट वर्क हार्ड, यू विल फेल’ याचा अर्थ मेहनत करशील तर नापास होशील.

आता तुमचं पाठांतर. ‘अनलेस’ म्हणजे ‘इफ नॉट’ हे बऱ्याचदा चालतं, पण त्याचा खरा अर्थ ‘एवढं एक सोडून’ असा आहे. ‘आय विल बी सॅड इफ शी डझ नॉट कम’ इथे ‘अनलेस शी कम्स’ लिहून बघा: तिचं येणं सोडलं तर मी एरवी दुःखीच असणार! बोलणाऱ्याला हे म्हणायचं नाही. न घडण्यामुळेच जेव्हा काही होतं, राग येतो, आश्चर्य वाटतं, वाईट वाटतं, तेव्हा ‘इफ नॉट’च. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल उलटी कल्पना करताना सुद्धा तसंच. ‘इफ ही हॅड नॉट हेल्प्ड मी, आय वुड हॅव ड्राउन्ड.’ त्याने मदत केलेली आहे, ‘अनलेस’ला वाव नाही.

प्रश्न : ‘दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड’ यात चूक काय? आणि ‘दो’, ‘ऑल्दो’, ‘इव्हन दो’, ‘इव्हन इफ’ यांत निवड कशी करायची? – एक विद्यार्थी

उत्तर : ‘जरी’ आला की ‘तरी’ आलाच पाहिजे, अशी आपल्या कानाला सवय. इंग्रजी एकाच बाजूला खूण करतं. ‘दो’ ठेव नाहीतर ‘बट’ ठेव, दोन्ही नकोत. ‘बिकॉज’ लिहून पुढे ‘सो’ जोडणं ही त्याच जातीची चूक. ‘दो’बरोबर ‘येट’ मात्र चालतो. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, ईयोब या भक्ताच्या तोंडी ‘दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम’ असं वाक्य आहे, आणि ही जोडी शाळेच्या व्याकरणात अजून टिकून आहे. तुझ्या प्रश्नात ‘दो’ दिलेला असेल आणि पुढच्या जागेसाठी ‘बट’ व ‘येट’ असे पर्याय असतील, तर ‘येट’ निवड.

‘दो’ आणि ‘ऑल्दो’ वाक्याच्या सुरुवातीला एकमेकांच्या जागी खुशाल जातात. दोन्ही पर्यायांत असतील तर वाक्याच्या शेवटी रिकामी जागा आहे का ते बघ. ‘इट वॉज हेवी. आय कॅरिड इट, ___.’ इथे फक्त ‘दो’. ‘ऑल्दो’ शेवटी येत नाही.

‘इव्हन दो’ घडलेल्या गोष्टीसाठी, ‘इव्हन इफ’ घडेल न घडेल अशा गोष्टीसाठी. ‘पाऊस पडत असूनही आम्ही खेळतोय’ ते ‘इव्हन दो’, ‘पाऊस पडला तरी खेळू’ ते ‘इव्हन इफ’. पुढे ‘विल’ किंवा ‘वुड’ दिसला तर ‘इव्हन इफ’कडे आधी बघावं. आणि गाळलेल्या जागेच्या पुढे पूर्ण वाक्य नसून नुसतं नाम असेल, ‘___ द रेन, वी प्लेड’ असं, तर या चौघांपैकी कोणीच नाही. तिथे ‘डिस्पाइट’ हवा.

प्रश्न : चौकटीत शब्द देतात, प्रत्येक एकदाच वापरायचा. मी सुरुवातीपासून सोडवत जाते आणि शेवटी नको तो शब्द उरतो. – एक विद्यार्थिनी

उत्तर : क्रमाने सोडवू नकोस. सगळीकडे चालणारा शब्द सर्वांत शेवटी आणि एकाच जागी चालणारा सर्वांत आधी लिही. हे बघ, चौकटीत ‘सिन्स’, ‘बिकॉज’, ‘फॉर’, ‘अ‍ॅज’ आहेत. वाक्यं अशी: ‘___ यू आस्क, आय विल टेल यू.’ ‘शी क्राइड ओन्ली ___ शी वॉज टायर्ड.’ ‘ही मस्ट बी इन, ___ द लाइट इज ऑन.’ ‘___ इट ग्रू डार्क, द बर्ड्‌स फेल सायलेंट.’

पहिल्या वाक्यावर अडून राहिलीस तर ‘सिन्स’ आणि ‘अ‍ॅज’ यांत घुटमळशील. दुसरं आधी घे. ‘ओन्ली’ आहे, म्हणजे ‘बिकॉज’, वाद नाही. तिसऱ्यात ‘मस्ट’, स्वल्पविराम आणि दिव्याचा पुरावा, म्हणजे ‘फॉर’. ‘बिकॉज’ही इथे चालला असता, पण तो आधीच खर्ची पडलाय. चौथ्यात अंधार हळूहळू वाढतोय आणि त्याबरोबर पक्षी गप्प होतायत. दोन गोष्टी जोडीने बदलत जातात तिथे ‘अ‍ॅज’. मग पहिल्यात ‘सिन्स’ आपोआप उरला, आणि ‘विचारतोसच तर सांगतो’ या सुराला तोच शोभतो. चौकटीचे प्रश्न मला आवडतात ते यासाठी. एकेकट्या वाक्यातली संदिग्धता बाकीची वाक्यं मिळून दूर करतात.

प्रश्न : ‘व्हाइल’, ‘व्हेन’ आणि ‘व्हेअरअ‍ॅज’? – एक वाचक

उत्तर : ‘व्हाइल’च्या पुढे चालू असलेली क्रिया लागते. ‘आय वॉज स्लीपिंग ___ द फोन रँग’ इथे फोन क्षणभर वाजला, म्हणून ‘व्हेन’च. वाक्य फिरवून ‘___ आय वॉज स्लीपिंग, द फोन रँग’ केलं की दोन्ही चालतात, आणि असं वाक्य ज्याने एकाच उत्तरासाठी दिलं त्याला पत्र तुम्ही लिहा. वय सांगताना ‘व्हेन’: ‘व्हेन आय वॉज टेन’. ‘व्हेअरअ‍ॅज’ला काळाशी घेणं नाही, तो फक्त दोन गोष्टींतला भेद दाखवतो. ‘व्हाइल’ दोन्ही कामं करतो. भेदच दाखवायचा असेल आणि दोन्ही पर्याय असतील तर ‘व्हेअरअ‍ॅज’ घ्या, निदान गैरसमज होत नाही.

प्रश्न : मी इंग्रजी शिकवतो आणि सराव-प्रश्न स्वतः तयार करतो. दर वेळी दोन-चार मुलं असा शब्द लिहितात की चूक म्हणवत नाही. संदिग्ध नसलेला प्रश्न काढता येतो का? – एक शिक्षक

उत्तर : येतो, पण आधी गाळलेल्या जागेचा थोडा इतिहास सांगते. विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकाने 1953 मध्ये उताऱ्यातला ठरावीक अंतराने येणारा शब्द, उदाहरणार्थ दर पाचवा, गाळून वाचणाऱ्यांना तो भरायला लावण्याची पद्धत मांडली. तिला ‘क्लोझ’ म्हणतात. आपल्याला वाटेल की यातून तो वाचणाऱ्यांची परीक्षा घेत होता. तसं नव्हतं. तो उताऱ्याची परीक्षा घेत होता. लोकांना गाळलेले शब्द जितके ओळखता येतील तितका उतारा वाचायला सोपा, असा त्याचा हिशोब. भाषेच्या परीक्षेत ही पद्धत नंतर आली, आणि गुण कसे द्यायचे यावर तेव्हापासून दोन पंथ आहेत. एक पंथ मूळ लेखकाचाच शब्द हवा म्हणतो, दुसरा अर्थाने आणि व्याकरणाने बसेल तो कुठलाही शब्द मान्य करतो.

तुम्ही दुसऱ्या पंथात या, सर. मूळ शब्दाचा आग्रह सलग उताऱ्यात एक वेळ समजू शकतो. तुमच्या सुट्या वाक्याला मूळ लेखकच नाही, तो तुम्हीच आहात. आणि प्रश्न काढल्यावर टेलरचा मूळ उद्देश आठवा. शहाण्या मुलांनी दोन वेगळे शब्द लिहिले, तर नापास तुमचं वाक्य झालं.

आता उपाय. पर्याय झाकून वाक्य एखाद्या सहकाऱ्याला भरायला द्या. त्यांच्या मनात दुसरा शब्द आला की वाक्यात आणखी एक खूण घाला: एखादा ‘ओन्ली’, एखादा काळ दाखवणारा शब्द, किंवा आधी एक वाक्य. ‘आय विल नॉट लीव्ह ___ यू अपॉलोजाइज’च्या आधी ‘आय हॅव ऑल डे’ एवढं टाकलं तरी मुदतीचं पारडं जड होतं. पर्याय निवडताना ‘बिकॉज’, ‘सिन्स’, ‘अ‍ॅज’ हे एका वेळी एकच घ्या. ‘दो’ आणि ‘ऑल्दो’चंही तसंच. ‘टिल’ आणि ‘अनटिल’ एकत्र दिसले तर मी तो प्रश्नच रद्द करीन. त्यांच्या अर्थात फरक नाही, आणि ‘टिल’ हे ‘अनटिल’चं तोकडं रूप आहे ही समजूतही उलटी आहे. ‘टिल’ दोघांत जुना.

पण मला सर्वांत भरवशाचा वाटणारा प्रकार वेगळाच आहे. अव्यय गाळूच नका. अव्यय द्या आणि वाक्य गाळा. ‘आय विल नॉट कम अनलेस ___’, ‘आय विल नॉट कम इव्हन इफ ___’, ‘आय विल नॉट कम अनटिल ___’. तीन शेपट्या मुलांना स्वतःच्या मनाने जोडू द्या. ज्याला अट आणि मुदत यांतला फरक कळलाय तो तीन निराळ्या गोष्टी लिहील. ज्याला कळलेला नाही तो तिन्हीकडे एकच लिहील, किंवा ‘अनलेस’नंतर ‘यू डोन्ट’ लिहून स्वतःच पकडून देईल. इथे अंदाजाने गुण मिळत नाहीत, आणि बरोबर उत्तर लिहिणाऱ्याशी वाद घालायची वेळही येत नाही. तपासायला जास्त वेळ लागतो, हे मान्य. संपूर्ण पेपर असा काढू नका, दोन-तीन प्रश्न तरी असे ठेवा.

प्रश्न : ‘नो सूनर’नंतर ‘व्हेन’ आणि ‘हार्डली’नंतर ‘दॅन’ का चालत नाही? अर्थ तर एकच. – एक उमेदवार

उत्तर : ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे, ‘बेटर’ किंवा ‘टॉलर’सारखं, आणि तुलनेनंतर ‘दॅन’ येतो. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ यांत तुलना नाही, म्हणून तिथे ‘व्हेन’, क्वचित ‘बिफोर’. परीक्षेतल्या मोजक्या जागांपैकी ही एक, जिथे उत्तर खरोखर एकच असतं. गुण पदरात पाडून घ्या.

प्रश्न : ‘इफ’ आणि ‘व्हेदर’ दोन्ही चालतात असं वाचलं. मग कुठलाही लिहिला तर चालेल? – एक वाचक

उत्तर : परीक्षेत तीन जागी ‘व्हेदर’च लिहा: पुढे ‘टू’ असेल तर, आधी ‘अबाउट’सारखा शब्द असेल तर, आणि वाक्याची सुरुवातच ‘की नाही’ या प्रश्नाने होत असेल तर. बाकी ‘आय डोन्ट नो’च्या पुढे दोन्ही चालतात. पण ऑफिसच्या पत्रात ‘लेट मी नो इफ यू आर कमिंग’ लिहाल तर सांभाळून. त्याचे दोन अर्थ होतात: येणार की नाही ते कळवा, आणि येणार असाल तरच कळवा. दुसरा अर्थ घेणारा पाहुणा येणार नसेल तर गप्प बसेल, आणि तुम्ही त्याच्या उत्तराची वाट पाहत राहाल. काहीही ठरलं तरी उत्तर हवं असेल तर ‘व्हेदर’ लिहा.